बाईंना विचारा : चटई कोण घालणार?

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले की शाळा कशी आहे ते बघायचं असेल तर वर्ग बघू नका, पालकसभा बघा. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. काही रागावलेली आहेत. एका गृहस्थांनी विचारलंय, ‘आमच्या पालकसभेत बटाटवडे फार चांगले होते, मग शाळा चांगली म्हणायची का?’ वडे कोणी तळले होते त्यावर अवलंबून आहे, एवढंच त्यांना सांगते. बाकीच्यांतली पाच पत्रं घेतली आहेत.

नव्या वाचकांसाठी : मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यात एका अनुदानित हायस्कुलात ३१ वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर ८ वर्षं पालकांनी मिळून काढलेल्या एका लहानशा शाळेत होते. शेवटच्या वर्षी तिथे ४३ मुलं होती आणि एकच न गळणारी खोली. म्हणजे जे सांगते ते दोन्ही घरचं पाणी पिऊन सांगते.

आमची मुलगी पाच वर्षांची आहे. किनाऱ्याकडच्या एका गावात ‘वॉल्डॉर्फ’ पद्धतीची शाळा पाहून आलो. लाकडाची खेळणी, मेणाचे रंग, बागकाम, परीक्षा नाही. सहा-सात वर्षांपर्यंत वाचायलाही शिकवत नाहीत. मला फार आवडली. नवरा म्हणतो, हा श्रीमंतांचा खेळ आहे. फी आम्हा दोघांच्या पगाराच्या मानानं खूपच जड आहे. सासूबाई म्हणतात, पोरगी अडाणी राहील. काय करू? – एक आई, साखळी

आधी सासूबाईंचं. त्या शाळांत अक्षरओळख पहिलीत, सहा-सात वर्षांच्या सुमारास होते. त्याआधी गोष्टी, गाणी, हाताची कामं. यानं कोणी अडाणी राहत नाही. सासूबाईंना स्वतःला पाचव्या वर्षी किती वाचता येत होतं ते हळूच विचारून बघा. माझं नाव सांगू नका.

नवऱ्याचं म्हणणं मात्र झटकून टाकण्यासारखं नाही, कारण ही पद्धत श्रीमंतांसाठी निघालीच नव्हती. पहिलं महायुद्ध संपलं होतं, जर्मनी मोडून पडली होती. श्टुटगार्ट शहरात वॉल्डॉर्फ-अस्टोरिया नावाचा सिगारेटचा कारखाना होता. मालक एमिल मोल्ट. त्यानं एप्रिल १९१९ मध्ये रुडॉल्फ स्टाइनर या विचारवंताला कामगारांपुढे बोलायला बोलावलं. आपल्या मुलांसाठी शाळा हवी ही गोष्ट तिथे पुढे आली आणि ७ सप्टेंबर १९१९ ला शाळा उघडलीसुद्धा. अडीचशेच्या आसपास मुलं, त्यांतली बहुतेक कारखान्यात राबणाऱ्यांची. स्टाइनरच्या अटी होत्या : मुलगे-मुली एकत्र बसतील, सगळ्या थरांतल्या मुलांना दार उघडं राहील, शिक्षण बारा वर्षं सलग चालेल, आणि शाळेचा कारभार शिकवणाऱ्यांच्या हातात असेल. कामगाराचं पोर चौदाव्या वर्षी कामाला जुंपलं जायचं, त्या काळातल्या या अटी आहेत.

सिगारेट कारखान्यातल्या पोरांसाठी निघालेली शाळा आपल्याकडे येईपर्यंत मोठ्या गाड्यांतून उतरणाऱ्या मुलांची झाली. यात लबाडी असतेच असं नाही. अनुदान नसलं की शिक्षकांचा पगार फीमधूनच निघतो, हे मी स्वतः हिशेब लिहून पाहिलंय. पण ‘आम्ही कोणासाठी आहोत’ हा प्रश्न त्या शाळेत कोणी विचारतं का, ते बघा. आणि स्टाइनरचं सगळंच डोक्यावर घेऊ नका. मानववंशांबद्दल त्यानं जे बोलून ठेवलंय त्यातलं काही वाचताना मला लाज वाटली. माणसाची पद्धत घेता येते, गंडा बांधायची गरज नाही.

आता लाकडाच्या खेळण्यांबद्दल. ती सुंदर असतात, मलाही आवडतात. पण डोकं, हात आणि मन तिन्ही एकदम शिकायला लाकूड जर्मनीचं लागत नाही. आमच्या छोट्या शाळेत तिसरी-चौथीचा वर्ग गणेशचतुर्थीच्या आधी आठवडाभर माटोळीच शिकायचा, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती रानफळांची चौकट. वस्तू आणायच्या, ओळखायच्या, त्यांचं चित्र काढायचं, आणि सगळं एका लाकडी चौकटीला केवणीच्या सालीनं बांधायचं. एक मुलगा होता. डोंगराकडच्या वाड्यावरचा, भागाकार आला की खाली बघणारा. त्या दिवशी टोपलीभोवती सगळे बसले आणि हा एकेक वस्तू उचलून सांगायला लागला : हे माट्टं, ही घागरी, वाळल्यावर वाजते, हे कांगलं, हा आंबाडा, हे तोरिंजन. कवंडळ हातात घेतलं आणि शेजारच्या मुलीला म्हणाला, ‘हें खावपाचें न्हय, फकत हुमकळावपाचें.’ म्हणजे खायचं नाही, नुसतं टांगायचं. लाल चुटुक फळ, ती तोंडात घालायच्याच बेतात होती. मग चौकट टांगली तर एका बाजूला झुकली. नारळ डावीकडे दोन, उजवीकडे एक. मुलांनी तासभर सरकवासरकवी केली. तराजूचा धडा मला शिकवावा लागला नाही. दुसऱ्या दिवशी फोंड्याच्या माटोळीच्या बाजारात जाऊन भाव लिहून आणले. वर्गात एकीनं विचारलं की सगळ्यांनीच कांगलं तोडून आणलं तर डोंगरावर कोणासाठी उरणार? या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्या वर्षापासून आमच्या माटोळीत कांगल्याचा एकच घड लागला.

तर पुन्हा त्या शाळेत जा आणि विचारा. गेल्या वर्षीची फी कोणी ठरवली? वर्षाचा हिशेब पालकांना बघायला मिळतो का? एखाद्या शिक्षिकेशी पटलं नाही तर मी कुणाकडे जायचं? आणि एक माझ्या खास आवडीचा प्रश्न : इथली मुलं मधल्या सुट्टीत कुठल्या भाषेत भांडतात? त्या शाळेतल्या गोष्टींत जंगलात राहणारे जर्मन बुटके असतील तर असोत, पण गावाची राखण करणारा आपला राखणदारही कधी येतो का ते बघा.

फीसाठी कर्ज काढावं लागणार असेल तर मात्र नको. मी तुमच्या जागी असते तर जवळच्या मराठी प्राथमिक शाळेत नाव घातलं असतं आणि वाचलेल्या पैशांऐवजी स्वतःचे दोन शनिवार त्या शाळेला दिले असते. अंगमेहनतीचं आहे, पण शेवटचं पत्र वाचा.

आमच्या वेळी गुरुजी छडीनं फोडून काढत, म्हणून २९ चा पाढा अजून पाठ आहे. २९ सत्ते २१३! तुमचं हे ‘आनंददायी’ शिक्षण म्हणजे लाड. – एक आजोबा, केपे

आजोबा, दोनशे तीन.

छडी आता बेकायदा आहे. शिक्षणहक्क कायद्याचं १७ वं कलम शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही बंदी करतं. मीही पहिल्या नोकरीत दोनदा पट्टी उगारली होती. ज्यांच्यावर उगारली त्यांतला एक आता बँकेत आहे आणि मी काउंटरवर गेले की अजून उठून उभा राहतो. मला ते आवडत नाही.

बाई, मी तीन वर्षांपासून एका पर्यायी शाळेत शिकवते. आमच्याकडे मुख्याध्यापक नाही, सगळे निर्णय सगळे मिळून घेतात. दर गुरुवारी बैठक. ती नऊ-नऊपर्यंत चालते. पडद्यांचा रंग ठरवायला दोन गुरुवार गेले. तीच तीन माणसं बोलतात. आणि खरे निर्णय तर पैसे देणारे पालक आधीच फोनवर करून टाकतात. नोकरी सोडावीशी वाटते. समाज बदलायला आले होते, पडदे बदलत बसलेय. – एक शिक्षिका, बार्देश

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, कारण त्यातली एक ओळ मी स्वतः डायरीत लिहिली होती. रंग वेगळा होता.

पहिली गोष्ट, मुख्याध्यापक नसलेल्या शाळेचं फार गोड चित्र रंगवलं जातं. श्टुटगार्टच्या त्या पहिल्या शाळेतही शिक्षकमंडळ बसायचं हे खरं, पण १९२५ च्या मार्चमध्ये वारेपर्यंत शेवटचा शब्द स्टाइनरचाच होता. शिक्षक नेमायचा तो, नको असलेला काढायचाही तो. मंडळाची खरी परीक्षा तो गेल्यावर सुरू झाली. म्हणजे तुम्ही तीन वर्षांत चाचपडताय यात नवल नाही. इंग्लंडमधल्या समरहिल शाळेच्या आठवड्याच्या सभेबद्दलही तू ऐकलं असशील. १९२१ पासूनची शाळा. तिथे सहा वर्षांचं मूल आणि संचालक दोघांनाही एकच मत. पण तिथेही कोणाला नोकरीवर घ्यायचं आणि पैसे कसे उभे करायचे हे सभेत ठरत नाही. सगळं सगळ्यांनी ठरवायचं अशी शाळा मला कुठे सापडलेली नाही.

स्टाइनरचं मला सगळ्यांत उपयोगी पडलेलं म्हणजे त्याची वाटणी. फ्रेंच राज्यक्रांतीचे तीन शब्द आपण एका दमात म्हणतो. त्यानं ते तीन वेगळ्या खोल्यांत ठेवले. शिक्षण, कला, विचार यांच्या खोलीत स्वातंत्र्य. हक्क आणि नियमांच्या खोलीत समता. पैसा आणि गरजा यांच्या खोलीत बंधुता. अख्ख्या देशाचा कारभार असा व्हावा म्हणून त्यानं १९१९ मध्ये चळवळ काढली. ती काही महिन्यांतच बारगळली. शाळा मात्र उरली. तीही नाझींनी १९३८ मध्ये बंद केली आणि युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये ती पुन्हा उघडली.

ही वाटणी मी पुस्तकातून नाही शिकले, चूक करून शिकले. आमच्या शाळेत ठरलेली फी नव्हती. एप्रिलमधल्या सभेत फळ्यावर वर्षाचा सगळा खर्च लिहायचा : भाडं, पगार, खडू, वीज, पावसाळ्याआधीची शाकारणी. पगार लिहिताना पहिल्या वर्षी शिक्षिकांची मान खाली होती. त्या आकड्यांत घर चालत नाही हे पालकांनी पहिल्यांदाच पाहिलं. मग प्रत्येक घरानं आपल्याला झेपेल तो आकडा चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचा. नाव नाही. बेरीज खर्चापेक्षा कमी आली की पुन्हा चिठ्ठ्या. पहिल्या वर्षी तीन फेऱ्या झाल्या. दुसऱ्या फेरीत बेरीज कमी झाली, कारण एक बाई म्हणाली की पहिल्यांदा घाबरून जास्त लिहिलं होतं. सगळे हसले, तीही हसली, आणि तिसऱ्या फेरीत जमलं.

यात आपल्याला परकं काही नाही बरं का. पणजीची मुष्टिफंड संस्था १९०८ ची. नावातच मूठ आहे : घराघरातून मूठ-मूठ तांदूळ बाजूला काढायचे आणि त्यातून शाळा उभी करायची. मोठ्या मुठीवाल्याला मास्तर निवडायला मिळाला असं मी तरी ऐकलेलं नाही.

आमच्याकडे नेमकं तेच झालं. चौथ्या वर्षी एक पालक आले, व्यवसाय चांगला, मन मोठं. त्यांनी चिठ्ठीवर नाव घातलं आणि आकडा असा लिहिला की पहिल्याच फेरीत बेरीज पूर्ण. टाळ्या पडल्या. दिवाळीनंतर ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, ‘तिसरीच्या बाई जरा संथ आहेत, माझ्या मुलासाठी वर्ग बदलून द्या, नाही तर बाईच बदला.’ आवाज मृदू होता. मी शिक्षकांच्या बैठकीत विषय काढला नाही. आकडा डोळ्यांपुढे होता. मीच त्या बाईंना पहिलीकडे पाठवलं आणि कारण सांगितलं, ‘सोयीसाठी’. त्या मे महिन्यात निघून गेल्या. तिसरीची मुलं जूनमध्ये त्यांना विचारत होती. आणि ते गृहस्थ? पुढच्या वर्षी मुलाला बोर्डिंगला घातलं.

पैशाच्या खोलीतला माणूस शिकवण्याच्या खोलीत आला आणि मी दार उघडून धरलं. त्यानंतर आम्ही तीन वह्या केल्या. पहिल्या वहीत वर्गातलं : काय शिकवायचं, कोण शिकवणार, मुलाचं काय चाललंय. यावर शिक्षकांचं मंडळ ठरवणार. पालकांनी विचारावं, जरूर विचारावं, पण मत नाही. दुसरीत सगळ्यांना सारखं लागू होणारं : सुट्ट्या, वेळ, तक्रार कशी करायची, कोणी ओरडायचं नाही. यावर प्रत्येकाला एक मत, झाडणाऱ्या मावशींनाही. तिसरीत पैसा, आणि तो डब्यातल्या चिठ्ठ्यांवर. विषय आला की पहिला प्रश्न, ‘कुठल्या वहीतला?’ अर्धी भांडणं इथेच संपायची. कधीकधी वही ठरवण्यावरून भांडण व्हायचं, तेही सांगून ठेवते.

तुझे पडदे कुठल्या वहीतले? कुठल्याच नाहीत. ज्यांच्या वर्गात लागणार त्यांनी दोघींनी जाऊन आणायचे. शेरे मारायचे नाहीत. दोघा-तिघांना काम सोपवलं की ते वर्षभर त्यांचं. वर्षाअखेरीला हिशेब देतील तेव्हा बोला. बैठकीत उरतं ते मुलांचं. आम्ही प्रत्येक गुरुवारची पहिली तीस मिनिटं एकाच मुलाला द्यायचो. तो काय खातो, कसा चालतो, कोणाशेजारी बसतो, एवढंच. निदान करायला बंदी. माटोळीच्या त्या मुलाची पाळी आली तेव्हा कळलं, की त्याला सकाळी गुरांना चारा घालून पळत यावं लागतं आणि पहिल्या तासाला, म्हणजे गणिताला, त्याला भूक लागलेली असते. गणित आम्ही दुपारी नेलं. वेळापत्रक चौघींनी पाच मिनिटांत बदललं, कोणाला विचारावं लागलं नाही. शिक्षकांच्या हाती कारभार म्हणजे मला तरी एवढंच कळतं.

तीच तीन माणसं बोलतात, त्याचं औषध सोपं आणि जरा उद्धट आहे : गोल बसा, आणि एकदा बोललेल्यानं फेरी पूर्ण होईपर्यंत गप्प बसायचं. मी त्या तिघांतली होते. मला फार जड गेलं. आणि साडेसातला चटया गुंडाळायच्या, विषय राहिला तर राहिला. चटया रोज वेगळ्या माणसानं घालायच्या आणि उचलायच्या, त्यात ते फोनवरचे पालकही आले.

नोकरी लगेच सोडू नकोस. पगार किती देतात ते तू लिहिलं नाहीस. तो फळ्यावर लिहायला सांग. नाही म्हणाले तर मग सोड.

बी. एड. करते आहे. शाळेमुळे समाज बदलतो हे पुस्तकात वाचलं. खरंच कुठे बदललाय का? – विद्यार्थिनी, मडगाव

‘समाज’ हा शब्द फार मोठा आहे. एक कुरण दाखवते. ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलं. सगळं नीट, साधनंबिधनं. पण शिकत होती ती मध्यमवर्गातली मुलं. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या आणि पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर. तिथली वारली मुलं शाळेत येईनात. आळशी म्हणून नव्हे, गुरं कोणी राखायची? मग ताराबाई आणि अनुताई वाघांनी शाळाच कुरणावर नेली. तिचं नाव कुरणशाळा. बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. आज देशभर सरकार जो शब्द वापरतं तो त्या अंगणातला आहे. साधनं महाग पडली तेव्हा शिंपले, बिया आणि पानं घेतली.

आपल्याकडे गोवा मुक्त झाल्यावर पहिल्या काही वर्षांतच गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. मुख्यमंत्री बांदोडकरांचा काळ. माझी आई निरक्षर होती, मी त्यांतल्याच एका शाळेत शिकले, देवळाच्या चौकात वर्ग भरायचा. बदल झालाय की नाही ते मी कसं सांगू, मीच त्यात आहे.

मी मोटारसायकल पायलट आहे, म्हणजे मोटारसायकलवरून भाड्यानं माणसं नेतो. मुलगा सरकारी मराठी शाळेत तिसरीत. एकोणीस मुलं, एकच बाई. मला शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष केलंय. कसा केला ते मलाच माहीत नाही, नारळ दिला आणि फोटो काढला. आता तीन महिन्यांनी रजिस्टर घरी येतं, मी सही करतो. गावातले पैसेवाले मुलं इंग्रजी शाळेत बालरथ बसमधून पाठवतात. आमची शाळा बंद पडणार असं म्हणतात. सही करण्यापलीकडे मला काय करता येईल? – एक पालक, पेडणे

पुढची सही करू नका. हे पहिलं.

तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा तुमची खुर्ची मोठी आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याचं २१ वं कलम म्हणतं की समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. शाळेचं काम बघणं, आलेले पैसे कुठे गेले ते बघणं आणि शाळेचा विकास आराखडा करणं ही समितीची कामं आहेत. पुढचं २२ वं कलम मला सगळ्यांत आवडतं : तुम्ही केलेला आराखडा हाच सरकारच्या योजनेचा आणि अनुदानाचा पाया असेल. शब्दशः तसं आहे. केंद्राच्या आदर्श नियमांत समितीची बैठक निदान महिन्यातून एकदा, इतिवृत्त लोकांना बघायला खुलं, आणि आराखडा तीन वर्षांचा, आर्थिक वर्ष संपायच्या आधी द्यायचा. म्हणजे मार्चच्या आत. हे सगळं वाचून दाखवायला वकील लागत नाही.

एक बाई आहेत म्हणता. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितलेत. एकोणीस मुलं म्हणजे साठच्या आतलीच. आराखड्याची पहिली ओळ तुम्हाला मिळाली : दुसरा शिक्षक. हे भांडण बाईंशी नाही हं. त्यांच्याशी सगळ्यांत आधी बोला. चार वर्ग, एक बाई, आणि वर कागद. त्या तुमच्या बाजूला यायला आसुसलेल्या असतील. शिक्षकांना जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणुका यांशिवाय बाहेरच्या कामाला लावायचं नाही असंही २७ वं कलम आहे. ते त्यांना दाखवा, चेहरा बघा.

गावानं मिळून कारभार करायचा हे आपल्याला नवीन नाही. खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या शेतीचा, बांध फुटला की गावकरी, म्हणजे गावची जुनी सभा, बसायची, मानशीचं, म्हणजे पाणी अडवायच्या झडपेचं, दार कोण उघडणार ते ठरायचं. देवळाचे महाजन आजही हिशेब देतात. पण त्या गावकरीत जन्मानं गावकार लागायचा, आणि पुरुष. दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकाराला तिथे जागा नव्हती आणि तुमच्या-माझ्या आईलाही नव्हती. तुमच्या समितीत आहे. म्हणून चटईवर पहिल्यांदा बायका बसल्या पाहिजेत. माध्यान्ह आहार करणाऱ्या गटातल्या बायकांनाही बोलवा. कुठलं मूल पाव खिशात घालून घरी नेतं हे त्यांना माहीत असतं. बैठक संध्याकाळी ठेवा, मासे विकणारी आणि काजूच्या कारखान्यात जाणारी आई सकाळी येऊ शकत नाही.

पैसेवाल्यांच्या मुलांना परत आणायच्या मागे लागू नका. आधी एकोणीस जणांचं करा. आणि शिकवायचं कसं हे बाईंवर सोडा, पण त्यांना विचारा, ‘आम्ही काय आणून देऊ?’ २९ वं कलम म्हणतं की शिक्षण कृतीतून, शोधातून, भीतीशिवाय आणि जमेल तितकं मातृभाषेतून व्हावं. साखळीच्या आईला ज्यासाठी जबर फी पडतेय ते तुमच्या फुकटच्या शाळेला कायद्यानंच सांगितलंय. गावात भात लावणारे, माडावर चढणारे, मूर्तीला रंग देणारे आहेत. महिन्यातून एक दुपार त्यांतल्या एकाची. तुम्हीही या. पायलटला अंतर, वेळ, पेट्रोल आणि भाडं यांचा हिशेब कोणत्याही गणिताच्या पुस्तकापेक्षा चांगला येतो.

पहिल्या बैठकीला चारच माणसं येतील, त्यांतलं एक झोपेल. आमच्याकडे सहा आली होती आणि त्यांतली दोन चुकून. इतिवृत्त तरीही लिहा, कोण आलं, काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. वाचून दाखवा आणि मगच सही.

तारीख ठरली की मासिकाच्या पत्त्यावर कळवा, मी येते. पेडण्याच्या स्टँडवर कदंब बसनं उतरेन. पुढे शाळेपर्यंत तुम्हीच न्या, भाडं देईन. हळू चालवा, माझा गुडघा दुखतो.